पाळीव साप : स्वभाव व वर्तन

छंद, शोभा किंवा अभ्यास यांसाठी माणसाने घरात बंदिवासात ठेवलेल्या सापांना सामान्यतः पाळीव साप म्हणतात. हा छंद अमेरिकेची संयुक्त संस्थाने, कॅनडा, ब्रिटन, जर्मनी इ. देशांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विशेष पसरला. सापांच्या ज्ञात जाती ४,००० हून अधिक असल्या, तरी घरोघरी आढळणाऱ्या जाती मोजक्याच आहेत व त्या बहुतेक बिनविषारी असून कोल्युब्रिडी, बोइडी आणि पायथॉनिडी या कुलांतील आहेत. त्यांची निवड करताना पाळणारा प्रथम ‘याचा स्वभाव कसा?’ असे विचारतो व विकणारा ‘शांत’, ‘चपळ’, ‘तापट’ अशा एका शब्दात त्याचे उत्तर देतो. ही विशेषणे सोयीची असली, तरी फसवी आहेत. न चावणारा साप निर्धोक असतोच असे नाही आणि निर्धोक साप सुखी असतोच असेही नाही.

‘पाळीव’ हा शब्द सापांच्या बाबतीत सैल अर्थानेच घ्यावा लागतो. कुत्रा, गाय, घोडा या प्राण्यांचा स्वभाव माणसाने हजारो वर्षे केलेल्या निवडीमुळे बदलला आहे. सापांची बंदिवासातील पैदास मोठ्या प्रमाणावर सुरू होऊन जेमतेम अर्धशतक लोटले असून त्या पैदाशीत निवड झाली आहे ती मुख्यतः रंगाची आणि नक्षीची. त्यामुळे पेटीत जन्मलेल्या सापाच्या प्रतिक्रिया त्याच्या रानातील भाईबंदांसारख्याच असतात. तो मालकावर माया करीत नाही, तसाच त्याच्यावर रागही धरीत नाही. वारंवार हाताळल्याने अपाय होत नाही एवढे मात्र त्याला उमगू शकते व तो पळण्याचा वा प्रतिकाराचा प्रयत्न सोडून देतो. पाळणारे ज्याला ‘माणसाळणे’ म्हणतात, ते बहुधा एवढेच असते.

याचा अर्थ साप मंदबुद्धी असतात असा नव्हे. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात डेव्हिड होल्ट्झमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्न सापांच्या पिलांवर केलेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ही पिले अनेक भोकांपैकी सुटकेचे नेमके भोक काही दिवसांच्या सरावाने अधिकाधिक लवकर शोधू लागल्याचे आढळले. कॅनडात मॉर्गन स्किनर व नोम मिलर यांनी २०२० मध्ये गार्टर सापांविषयी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही साप धीट, तर काही बुजरे असल्याचे व हा फरक त्या त्या सापात टिकून राहत असल्याचे दिसले. इतकेच नव्हे, तर ठराविक सोबत्यांजवळ जाऊन बसण्याची त्यांची प्रवृत्तीही आढळली. तेव्हा जातीचा स्वभाव सांगताना तो सरासरीने सांगितलेला असतो, हे ध्यानात ठेवावयास हवे.

सापाच्या वर्तनाचा उलगडा त्याच्या ज्ञानेंद्रियांवरून होतो. बहुतेक सापांची दृष्टी हालचाल टिपण्यापुरती बरी असते. जिभेने गोळा केलेले गंधकण टाळूतील जेकबसन इंद्रियात पोहोचतात व समोरची वस्तू भक्ष्य, शत्रू की जोडीदार, याचा निवाडा प्रामुख्याने तेथे होतो. बहुतेक अजगरांच्या व काही बोआंच्या ओठांवर उष्णतासंवेदी खाचा असतात. त्यांच्या साहाय्याने त्यांना अंधारातही उष्ण रक्ताचा प्राणी जाणवतो. उंदीर हाताळलेला माणसाचा हात हा अशा सापाच्या दृष्टीने उबदार आणि उंदराचा वास येणारी हलती वस्तू असते. म्हणून सापाच्या चाव्याचे दोन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत. संरक्षणासाठी घेतलेला चावा झटक्यात घेऊन सोडला जातो व त्याआधी मान इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी वळणे, फूत्कारणे, अंग ताठणे अशा खुणा दिसतात. भक्ष्य समजून घेतलेला चावा मात्र पूर्वसूचनेशिवाय येतो, सुटत नाही व लगोलग विळखा पडतो. पहिल्या प्रकाराला भीती कारण असते, तर दुसऱ्याला भूक. घरातील मोठ्या सापांपासून झालेले गंभीर अपघात बहुतेक दुसऱ्या प्रकारचे आहेत.

शांतपणाबद्दल सर्वांत प्रसिद्ध असलेला साप म्हणजे पश्चिम व मध्य आफ्रिकेतील बॉल पायथॉन हा लहान अजगर होय. याचे शास्त्रीय नाव पायथॉन रेजियस. लांबी सामान्यतः ९०–१५० सेंमी. असून मादी नरापेक्षा मोठी असते. तो निशाचर असून दिवसा उंदरांच्या बिळांत व वाळवीच्या वारुळांत दडून राहतो. धोका जाणवताच तो अंगाचा घट्ट चेंडू करून डोके मधोमध लपवितो. यावरूनच त्याला त्याचे नाव मिळाले. हातात घेतल्यावर तो चावत नाही, पळत नाही, मनगटाभोवती निमूट बसून राहतो. त्यामुळे नवशिक्यांना त्याची शिफारस केली जाते. परंतु त्याचा हा निमूटपणा पुष्कळदा भीतीचाच एक आविष्कार असतो. ज्या प्राण्याचे संरक्षण न हलण्यात आहे, तो घाबरला म्हणजे अधिकच स्तब्ध होतो. त्याची अस्वस्थता चाव्यातून व्यक्त होत नाही, ती उपासातून व्यक्त होते. लपावयास जागा नसणे, अपुरी ऊब, वारंवारची हाताळणी यांपैकी कोणत्याही कारणाने तो अन्न सोडतो आणि कित्येक आठवडे, प्रसंगी काही महिने, उपाशी राहतो. निरोगी प्रौढ सापही विणीच्या हंगामात असे उपवास करतात. त्यामुळे साधा उपवास कोणता व आजारपणाचा कोणता हे ओळखणे अवघड जाते. पेटीचा एक भाग ३१°–३२° से. व दुसरा त्याहून पाचेक अंशांनी थंड ठेवला आणि दोन्ही बाजूंना अंग चिकटून बसेल अशी अरुंद कपार दिली, तर बरेच साप आपणहून पुन्हा खाऊ लागतात.

या सापाच्या दीर्घायुष्याचाही विचार खरेदीपूर्वी क्वचितच होतो. बंदिवासात तो वीस ते तीस वर्षे सहज जगतो. अमेरिकेतील सेंट लुइस प्राणिसंग्रहालयातील साठी ओलांडलेल्या एका मादीने नराचा सहवास कित्येक वर्षे नसतानाही २०२० मध्ये अंडी घातली होती. दहा वर्षांच्या मुलासाठी आणलेला साप त्याच्या चाळिशीतही त्याची सोबत करू शकतो. पैदासकारांनी याचे शेकडो रंगप्रकार निर्माण केले आहेत. त्यांपैकी ‘स्पायडर’ नावाच्या प्रकारातील सापांचे डोके सतत थरथरते व तोलही जातो. त्यांच्या अंतर्कर्णातील तोल सांभाळणारे भाग विकृत असल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. असा साप विकत घेणाऱ्याला ते डोलणे स्वभावाचा गमतीदार विशेष वाटते. प्रत्यक्षात ते व्यंग आहे, आणि नक्षीसाठी ते जाणूनबुजून पुढच्या पिढीत उतरविले जाते.

कॉर्न साप हा आग्नेय अमेरिकेतील असून त्याचे शास्त्रीय नाव पँथेरोफिस गुटॅटस आहे. पूर्वी त्याचा समावेश इलाफे प्रजातीत करीत. पोटावरील काळ्यापांढऱ्या चौकटी रंगीत मक्याच्या कणसासारख्या दिसतात म्हणून, किंवा मक्याच्या कोठारांत उंदरांमागे फिरतो म्हणून, त्याला हे नाव पडले असे सांगतात. लांबी १–१.५ मी. असते. बॉल पायथॉनशी त्याची तुलना उद्बोधक आहे. बॉल पायथॉन दडून भक्ष्याची वाट पाहणारा, तर कॉर्न साप हिंडून शोध घेणारा. तो हातात स्थिर राहत नाही. बोटांमधून, बाहीतून, खांद्यावरून सारखा पुढे सरकत असतो. नवख्याला ही धडपड भीतीची वाटते, परंतु संथ हालचाल, मधून मधून लवलवणारी जीभ आणि सैल अंग ही तो निवांत असल्याची लक्षणे होत. पिले मात्र भित्री असतात. ती शेपटी थरथरवितात, झेपावतात, कधी चावतातही. त्यांचे इवलेसे दात माणसाला जेमतेम ओरखडा काढतात. काही महिन्यांत ही सवय बहुधा जाते. तो खाण्यास कुरकुर करीत नाही आणि त्याच्या गरजाही साध्या असतात. म्हणून, चेंडू होऊन बसणाऱ्या अजगरापेक्षा हा चळवळ्या सापच नवशिक्याला अधिक योग्य आहे, असे म्हणता येईल : त्याचे बिनसले तर ते लवकर दिसते. त्याच्यातील एकच दोष घरादाराला त्रासदायक ठरतो, तो म्हणजे पेटीच्या झाकणाला बोटभर फट राहिली तरी तो निसटतो.

किंग साप व मिल्क साप हे लँप्रोपेल्टिस या एकाच प्रजातीतील असूनही स्वभावाने वेगळे आहेत. किंग साप इतर सापांना खातो. उत्तर अमेरिकेतील रॅटल सापांच्या विषाचाही त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. भुकेच्या बाबतीत तो विलक्षण उतावळा असतो. पेटी उघडताच तो पुढे धावतो व समोर येईल ते तोंडात धरतो, मग ते बोट का असेना. आणि धरल्यावर चघळीत राहतो. यात राग नसतो. हात स्वच्छ धुऊन, आकडीने हलकेच स्पर्श करून ‘ही जेवणाची वेळ नव्हे’ हे त्याला कळविले की, तोच साप हातात सौम्यपणे वागतो. दोन किंग साप एका पेटीत ठेवले तर काही दिवसांनी एकच उरण्याचा संभव असतो. मालकाच्या हातातील हा सौम्यपणा भक्ष्याच्या वाट्याला येत नाही, याचे उदाहरण स्पेनच्या ग्रान कानारिया बेटावर दिसते. पाळलेल्या सापांपासून तेथे पसरलेल्या कॅलिफोर्निया किंग सापांनी बेटावरील मूळच्या मोठ्या सरड्यांची संख्या आपल्या वस्तीच्या भागात अतोनात घटविली आहे.

मिल्क साप हा लाल, काळ्या व पांढऱ्या वा पिवळ्या पट्ट्यांमुळे अतिशय देखणा असला, तरी बुजरा असतो. हातात घेताच तो झटके देतो, निसटू पाहतो व गुदद्वाराजवळील ग्रंथींतून दुर्गंधी स्राव सोडतो. पाहण्यासाठी ठेवावा, हाताळण्यासाठी नव्हे, अशा सापांत त्याची गणना करणे योग्य होईल. तो गोठ्यात शिरून गाईचे दूध पितो अशी तिकडील शेतकऱ्यांची समजूत होती व त्यावरूनच त्याला नाव मिळाले. महाराष्ट्रात नेमकी हीच गोष्ट धामणीविषयी सांगितली जाते. ती गाईम्हशींच्या पायांना विळखा घालून दूध पिते असे खेडोपाडी मानतात. दोन्ही साप गोठ्यात येतात ते उंदरांसाठी. सापाच्या तोंडात दूध ओढून घेण्याजोगे स्नायू नसतात, आणि त्याचे मागे वळलेले अणकुचीदार दात कोणतीही गाय सोसणार नाही.

बतावणीत हॉगनोज सापाचा हात कोणी धरणार नाही. वर वळलेल्या नाकाडाने वाळू उकरणारा हा आखूड, जाडसर साप उत्तर अमेरिकेत आढळतो. पाळण्यात मुख्यतः त्याची पश्चिमेकडील जाती हेटेरोडॉन नासिकस असते. डिवचल्यास तो मान नागासारखी चपटी करतो, जोराने फूत्कारतो व तोंड मिटूनच धडका मारतो. एवढ्याने भागले नाही तर अंग पिळवटून उताणा पडतो, तोंड उघडे टाकतो, जीभ लोंबू देतो व मेल्याचे सोंग करतो. हे सोंग पूर्वेकडील जातीत अधिक पूर्णत्वास गेलेले आहे. तिला पालथे केले तर ती पुन्हा उलटून उताणी होते, जणू मेलेल्या सापाने उताणेच असावयास हवे! पाळणाऱ्यांना याचे कौतुक वाटत असले, तरी करमणुकीसाठी हे सोंग पुनःपुन्हा करवून घेणे म्हणजे प्राण्याला पुनःपुन्हा मरणभय दाखविणे होय. हा साप संरक्षणासाठी क्वचितच चावतो. मात्र त्याच्या वरच्या जबड्यात मागे मोठे दात असून लाळ सौम्य विषारी असते. भक्ष्य समजून त्याने बोट धरून ठेवले तर हाताला बरीच सूज येते.

गार्टर साप दिनचर असल्यामुळे पाहणाऱ्याला त्याची हालचाल सर्वांत जास्त दिसते. तो हाताळताना दुर्गंधी सोडतो, पण सरावाने जेवणाच्या वेळी काचेजवळ येऊन थांबू लागतो. इतर बहुतेक साप एकेकटे ठेवावे लागतात. गार्टर सापांना मात्र सोबत मानवते.

बोआंपैकी बोआ कन्स्ट्रिक्टर हा मध्य व दक्षिण अमेरिकेतील साप २–३ मी. लांब असून पिलांना जन्म देतो. तो जड, संथ आणि स्वतःच्या जोराची जाणीव देणारा असतो. नाराज झाल्यास प्रथम दीर्घ, मोठा फूत्कार सोडतो. या इशाऱ्याची दखल घेतली तर चाव्याची वेळ सहसा येत नाही. झाडावर राहणारे साप याच्या अगदी उलट. न्यू गिनीतील हिरवा वृक्ष-अजगर व दक्षिण अमेरिकेतील पाचूसारखा हिरवा वृक्ष-बोआ हे निकटचे नातलग नसूनही दिसण्यात व बसण्यात एकसारखे आहेत. दोघेही फांदीवर वेटोळ्यांची चुंबळ करून मध्यभागी डोके ठेवून दिवसभर निश्चल असतात. ही निश्चलता पाहून कोणी हात घातला, तर लांब दातांचा खोल चावा बसतो. त्यांना तापट म्हणण्यापेक्षा, बैठकीवरून उठविले जाणे त्यांना मानवत नाही, असे म्हणणे अधिक खरे होईल.

प्रचंड अजगरांच्या बाबतीत स्वभावाचा प्रश्न गौण ठरतो. ब्रह्मी अजगर (पायथॉन बायव्हिटॅटस) हा २००९ पर्यंत भारतीय अजगराची उपजाती मानला जात असे. तो इतका सोशीक असतो की, अमेरिकेत कित्येक वर्षे तो कुटुंबातील मुलांबरोबरच्या छायाचित्रांचा विषय होता. पण हातभर लांबीचे पिलू काही वर्षांत ४–५ मी. लांबीचे होते. फ्लॉरिडात पकडलेल्या एका रानटी मादीचे वजन ९० किग्रॅ. पेक्षा अधिक भरले. त्याच राज्यात २००९ मध्ये पेटीतून निसटलेल्या सु. २.६ मी. लांबीच्या पाळीव ब्रह्मी अजगराने दोन वर्षांच्या मुलीचा जीव घेतला. त्याला बरेच दिवस पुरेसे अन्न मिळाले नव्हते. कॅनडातील कँपबेल्टन येथे २०१३ मध्ये बंदिवासातून सुटलेल्या आफ्रिकी शैल-अजगरामुळे झोपेतील दोन लहान भावांचा मृत्यू झाला. आफ्रिकी शैल-अजगर चिडका, तर ब्रह्मी अजगर शांत समजला जातो. दोन्ही घटनांचा शेवट मात्र एकच झाला. सर्वांत लांब असणारा जाळीदार अजगर पेटी उघडण्याची वेळ, माणसाची चाहूल यांना चटकन सरावतो. पण भक्ष्याचा वास येताच त्याची झेप आवरत नाही. म्हणून अडीच-तीन मीटरपेक्षा लांब अजगराची पेटी एकट्याने उघडू नये, असा अनुभवी पाळणाऱ्यांचा दंडक आहे. सोडून दिलेल्या व निसटलेल्या ब्रह्मी अजगरांची फ्लॉरिडातील एव्हरग्लेड्स दलदलीत कायमची वस्ती झाली आणि २०१२ मध्ये अमेरिकेने या अजगराच्या आयातीवर बंदी घातली.

सौम्य वागणूक आणि विष यांचाही संबंध नसतो. आफ्रिकेतील डहाळीसारखा दिसणारा थेलोटॉर्निस हा साप लाजरा असून क्वचितच चावतो. त्याचे विषदंत जबड्यात मागे असल्यामुळे तो एके काळी फारसा धोक्याचा मानला जात नसे. फ्रँकफुर्ट येथील ख्यातनाम सरीसृपतज्ञ रोबेर्ट मेर्टेन्स यांचा १९७५ मध्ये पाळलेल्या अशाच एका सापाच्या दंशाने मृत्यू झाला. आग्नेय आशियातील लाल मानेचा रॅब्डोफिसही पाश्चात्त्य बाजारात काही काळ निरुपद्रवी म्हणून विकला जात होता. त्याच्या दंशाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, हे पुढे कळून आले.

एकाच जातीतील, किंबहुना एकाच सापातील, वागणुकीचा फरक अनेक गोष्टींवर अवलंबून असतो. रानातून पकडून आणलेला साप परजीवींनी व प्रवासाने जर्जर झालेला असतो आणि तो बंदिवासात जन्मलेल्या सापापेक्षा अधिक चावरा निघतो. मलेशिया-इंडोनेशियातील आखूड शेपटीचे अजगर दीर्घकाळ महातापट म्हणून कुप्रसिद्ध होते; पेटीत जन्मलेली त्यांची पिले पुष्कळ नरम निघाल्यावर हा दुर्लौकिक बराचसा ओसरला. कात टाकण्यापूर्वी डोळ्यांवरील पारदर्शक खवला दुधाळ होतो व सापाला नीट दिसत नाही. त्या आठवड्यात अत्यंत गरीब सापही दचकून झेपावतो. थंडीने गारठलेल्या सापाला वेगाने पळता येत नाही, म्हणून तो जागीच थांबून संरक्षणाचा पवित्रा घेतो; उबेत असलेला तोच साप मुकाट्याने निघून जातो. भक्ष्य गिळल्यानंतर दोन दिवस त्याला हाताळल्यास तो ते ओकून टाकण्याचा संभव असतो. पेटीच्या आकाराविषयी जुने मत बदलत चालले आहे. सापाला लहान जागाच आवडते, असे म्हणून त्याला आखूड खणात ठेवण्याची प्रथा व्यापारी पैदाशीत रूढ झाली. परंतु जागा मिळाल्यास साप वारंवार अंग सरळ पसरतात, हे निरीक्षणांत दिसून आले असून निदान सापाच्या लांबीइतकी तरी पेटी असावी, असा आग्रह आता धरला जातो. नाकाड काचेला घासून सोलवटणे, रात्रभर एकाच कडेने फिरत राहणे ही लक्षणे सापाच्या ‘चपळ स्वभावा’ची नसून अपुऱ्या निवाऱ्याची असतात. सापांच्या विष्ठेतून साल्मोनेला जंतूंचा संसर्ग होऊ शकतो. म्हणून पाच वर्षांखालील मुलांना त्यांपासून दूर ठेवतात व हाताळल्यानंतर हात साबणाने धुतात.

भारतात साप बाळगण्याची परंपरा गारुड्यांची होती; तिला पाळणे म्हणता येणार नाही. दात काढलेला किंवा तोंड शिवलेला नाग टोपलीत फार दिवस जगत नसे, आणि पुंगीपुढील त्याचे डोलणे हे हलत्या वस्तूवरील रोखलेली नजर होती, संगीताची आवड नव्हे. महाराष्ट्रातील सापांतही स्वभावाचे ठळक भेद आहेत. नानेटी गरीब, तर पाणथळीतील दिवड चिडकी व चावरी. धामण आधी पळते, पण कोंडीत सापडल्यास मान फुगवून जोरदार चावते. मांडूळ व डुरक्या घोणस या निकटच्या नातलगांतील भेद तर फारच लक्षणीय आहे. दोघेही मातीत राहणारे, आखूड शेपटीचे, बिनविषारी. डुरक्या घोणस दचकून झटक्यासरशी चावते, आणि तिचे ठिपके विषारी घोणशीसारखे दिसत असल्यामुळे पुष्कळदा नाहक मारली जाते. मांडूळ मात्र हाताळले तरी चावत नाही. ते डोके वेटोळ्याखाली लपविते व बोथट शेपटी पुढे करते, म्हणजे शत्रूचा घाव शेपटीवर पडावा. याच सवयीमुळे त्याला दोन तोंडे आहेत असा समज झाला व गारुडी शेपटीवर डोळ्यातोंडाच्या खुणा करून तो समज पोसत.

मांडुळाचा हा गरीबपणाच त्याच्या मुळावर आला आहे. गुप्तधन दाखविणारा, भरभराट आणणारा साप म्हणून त्याची चोरटी विक्री होते. वजन जितके जास्त तितका गुण अधिक, अशी भाबडी समजूत असल्याने मोठी, पिले देणारी मांडुळेच आधी उचलली जातात. महाराष्ट्रातही अशी मांडुळे वेळोवेळी जप्त झाली आहेत. पिंपात, पोत्यात दिवसेंदिवस कोंबूनही ती चावत नाहीत. म्हणून त्यांना काही होत नाही असे नेणाऱ्यांना वाटते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार मांडूळ, अजगर, धामण, नाग इ. देशी साप पकडणे, बाळगणे वा विकणे गुन्हा आहे. बॉल पायथॉन व बोआ यांसारखे परदेशी साप अलीकडे मुंबई, पुणे यांसारख्या शहरांतील हौशी लोकांकडेही दिसू लागले आहेत. या अधिनियमातील २०२२ च्या दुरुस्तीने व तीनुसार २०२४ मध्ये झालेल्या नियमांनी आंतरराष्ट्रीय व्यापार करारातील सूचींत असलेल्या अशा प्राण्यांची नोंदणी करणे, तसेच त्यांचे जन्म, मृत्यू व हस्तांतर कळविणे बंधनकारक झाले आहे.